उताराला गाडी न्यूट्रल करणं: इंधन किती वाचतं आणि जोखीम किती?

घाटमाथा

पेट्रोल शंभरीच्या पार जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून गाडीचं ॲव्हरेज वाढवायचे सल्ले ऑफिसातल्या डब्याच्या वेळेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतात. टायरमध्ये हवा नीट ठेवा, डिकीतलं ओझं काढा, सिग्नलला गाडी बंद करा, हे एका बाजूला. उताराला न्यूट्रल मारा, इंजिनच बंद करून गाडी सोडून द्या, ट्रकच्या मागे चिकटून चला, हे दुसऱ्या बाजूला. सांगणारा दोन्ही एकाच दमात सांगतो आणि नुकता लायसन्स मिळालेला पोरगा दोन्ही तितक्याच विश्वासाने करतो. यातली दुसरी यादी वेगळी काढून तिच्यावर बोलावं म्हणून हा धागा.

पुण्याच्या लोकांना 20 नोव्हेंबर 2022 ची रात्र आठवत असेल. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या एका ट्रकने पुढच्या डझनावारी गाड्या एकामागून एक ठोकरल्या. ब्रेक फेल झाले असतील असंच आधी सगळ्यांनी धरलं. प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी सांगितलं ते वेगळंच होतं: डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. बोगद्यातून बाहेर पडल्यावरचा तो उतार डोळ्यांना फारसा जाणवत नाही, पण तो संपतही नाही. गाडी आपोआप पळायला लागते आणि पुढे थेट शहराची गर्दी येते.

आता मुद्दा असा, की न्यूट्रलमुळे इंधन वाचतं हे गृहीतकच बहुतेक गाड्यांना लागू नाही. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या काळात ॲक्सिलरेटर सोडला तरी पेट्रोल थोडंथोडं ओढलं जायचं. इंजेक्शनच्या गाडीत तसं होत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, इंधन फवारणारे इंजेक्टर बंद करतो. उतरताना चाकंच इंजिन फिरवत असतात, त्यामुळे ते चालू ठेवायला इंधन लागत नाही. खप शून्य. आरपीएम खूप खाली आले की मगच इंजेक्टर पुन्हा सुरू होतात. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो आणि इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन जाळावंच लागतं. लहान पेट्रोल कारचं इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पितं. म्हणजे तीव्र उतारावर न्यूट्रल करणारा माणूस पेट्रोल वाचवत नाही, उलट जाळतो.

ज्यांच्या गाडीच्या डिस्प्लेवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दिसतं, त्यांनी घाटात सोबतच्या माणसाला आकड्यावर नजर ठेवायला सांगावं. चालवणाऱ्याने नको.

तिसरा_गिअर

धागा चांगला काढलात. पण एक बाजू राहिली, ती मांडतो. तुम्ही म्हणता ते तीव्र उताराला पटतं. हलक्या उताराचं काय? सातारा रस्त्यावर असे कितीतरी पट्टे आहेत, जिथे गिअरमध्ये पाय काढला की गाडी मंदावते आणि न्यूट्रल केली की त्याच वेगाने चालत राहते. तिथे गिअरमध्ये ठेवली तर ॲक्सिलरेटर द्यावाच लागतो. मग तिथे तरी न्यूट्रल फायद्याचं झालं ना?

घाटमाथा

फायदा होतो, नाकारत नाही. किती होतो ते बघू. समजा असा पट्टा 5 किलोमीटरचा आहे आणि तुम्ही 60 च्या वेगाने 5 मिनिटं न्यूट्रलमध्ये गेलात. इंजिनने उभ्याउभ्या 50 मिलीच्या आसपास पेट्रोल घेतलं. टॉप गिअरमध्ये हलका पाय ठेवून गेला असतात तर ढोबळमानाने 100 मिली लागलं असतं. फरक 50 मिली, म्हणजे पाचेक रुपये. त्या पाच मिनिटांत कुत्रं आडवं आलं, दुभाजक फोडून केलेल्या वाटेतून ट्रॅक्टर वळला, तर ब्रेकखेरीज तुमच्या हातात काही नाही. वेग देऊन सुटायचं असेल तर आधी गिअर शोधायचा. मला हा सौदा पटत नाही. आणि क्लच दाबून उतरणाऱ्यांनीही आपली गाडी न्यूट्रलमध्येच आहे असं समजावं.

कुंभार्ली_उतार

नमस्कार मंडळी. मी एसटीत चालक होतो, आता निवृत्त आहे. मुलीने हा धागा वाचून दाखवला, म्हणून तिच्याकडूनच टाइप करून घेतोय.

आमच्याकडे डिझेलचा हिशेब केपीटीएलवर चालायचा, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. कुणाचं किती बसतं ते आगारात सगळ्यांना ठाऊक असायचं. कमी पडलं की बोलावणं यायचं. तेव्हा डिझेल वाचवायचा दबाव काय असतो ते मला शिकवायला नको. पण त्याच एसटीत विना अपघात सेवेचा सत्कारही होतो, आणि सांगायची गोष्ट ही, की आमच्या आगारात ज्यांचं केपीटीएल चांगलं होतं तेच बहुतेक विना अपघातवाले होते. त्यातला एकही घाटात गाडी न्यूट्रल करणारा नव्हता.

ते करायचे काय? थांबा दिसायच्या आधीच पाय काढायचे. गाडी आपल्या पायाने हळू होत जायची, शेवटी ब्रेकला नुसता पाय लागायचा. चढाला गाडी गुदमरेपर्यंत वरच्या गिअरमध्ये ओढायचे नाहीत, वेळेत खालचा टाकायचे. पुढची गाडी रखडतेय असं दिसलं तर तिच्या बुडाला न लागता मागेच रमतगमत यायचे, म्हणजे सारखं थांबा-निघा नको. एवढंच. यात डिझेलही वाचतं आणि मागचे प्रवासी उलट्याही करत नाहीत.

हेळवाककडून कुंभार्ली घाट उतरायला लागलो, की पहिल्या वळणाच्या आधीच गिअर खाली. ज्या गिअरमध्ये चढ चढता त्याच गिअरमध्ये तो उतरा, हे आम्हाला वस्तादाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला की आधी लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारी ब्रेकची पट्टी, जळाल्याचा वास येतो. खिडकीतून येतो, प्रवासी विचारतात काय जळतंय. मग पेडल दाबलं तरी गाडी धरत नाही. ड्रमला हात लावून बघायची हिंमत होणार नाही इतका तो तापलेला असतो. अशा वेळी कडेला घ्यायची, चाकाला दगड लावायचा आणि थंड होऊ द्यायचं. पाणी ओतायचं नाही, तापलेल्या ड्रमला तडा जातो.

आणि हवेचा ब्रेक असलेल्या गाडीचं इंजिन बंद करणं म्हणजे ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद करणं. टाकीत साठलेल्या हवेवर थोडे ब्रेक लागतात. प्रत्येक दाबाला हवेच्या दाबाचा काटा खाली येतो. फार खाली आला की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो, तोही कुठे आणि कधी लागेल ते आपल्या हातात नाही. नवले पुलाचं ऐकलं तेव्हा मला पहिली आठवण त्या काट्याची झाली.

गॅरेजवाला

काकांना नमस्कार. कारवाल्यांसाठी त्यात भर घालतो. कारच्या ब्रेकला बूस्टर असतो आणि तो इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद केलं की साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा पेडल नेहमीसारखं दाबलं जातं, नंतर ते दगडासारखं होतं. ब्रेक तेव्हाही लागतो, पण सगळा जोर पायाने लावायचा. एवढा जोर लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, म्हणून लोक 'ब्रेक फेल झाला' म्हणतात. पॉवर स्टेअरिंगही जड होतं. जुन्या चावीच्या गाडीत कुणी चावी काढलीच तर स्टेअरिंग लॉक होतं, त्याबद्दल बोलायलाच नको.

ब्रेक किती तापतो याचा अंदाज यावा म्हणून हिशेब देतो. लोणावळा सुमारे 620 मीटर उंचीवर, खोपोली 60 च्या आसपास. हिशेबाला 500 मीटरचा उतार धरू. 16 टनांचा ट्रक तेवढा खाली आला, की जवळपास 7.8 कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत अडीचशे लिटर गार पाण्याला उकळी येईल. त्यातली थोडी हवा आणि टायर खातात. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावला असेल, तर मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये तो वाटाही लायनरवर येतो.

रानवारा

आमचा मालवाहतुकीचा धंदा आहे, कोल्हापूरकडचा. इथे सगळे चालकाला दोष देतायत असं नाही, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही, ती बोलतो.

ट्रकचालक न्यूट्रल का मारतो? हौस म्हणून नाही. बऱ्याच ठिकाणी ट्रिपला डिझेल ठरवून दिलेलं असतं. गाडीचं ॲव्हरेज मालकाने धरलेलं असतं, त्या हिशेबाने लिटर किंवा पैसे हातात देतात. त्यातून वाचलं ते चालकाचं, कमी पडलं तर त्याच्या पगारातून. पगार तुटपुंजा असतो, त्यामुळे हे वाचवलेलं डिझेल हीच त्याची वरकमाई. गाडी जुनी झाली, ओझं जास्त भरलं, तरी धरलेलं ॲव्हरेज तेच. मग तो माणूस बोगद्याच्या तोंडाशी न्यूट्रल करणार नाही तर काय करेल? त्याला ईसीयू, इंजेक्टर समजावून सांगा, तो मान हलवेल आणि पुढच्या उताराला पुन्हा तेच करेल, कारण त्याचा उस्ताद तसंच करायचा आणि उस्तादाच्या गाडीत तेव्हा फायदा व्हायचाही.

आम्ही घरच्या गाड्यांना ही पद्धत बंद केली. डिझेल कार्डावर, लागेल तेवढं. चालकाला ट्रिपचा ठरलेला पैसा आणि वेगळा भत्ता. डिझेलचोरी होईल म्हणून वडील तयार नव्हते. त्यावर टाकीचा सेन्सर आणि जीपीएस बसवले. शिवाय जीपीएसमध्ये कचकन ब्रेक कुठे लागले ते दिसतं, आणि ज्याचे असे ब्रेक कमी त्याच्या गाडीचे लायनर आणि टायर जास्त टिकतात हे आमच्या वर्कशॉपच्या वहीत उतरलं. त्या बचतीतला भाग आम्ही चालकाला देतो. जे मालक हे वाचत असतील त्यांनी ॲव्हरेजची अट काढून बघावी. घाटात 'न्यूट्रल करू नका' असे कितीही फलक लावले तरी जोवर वाचलेल्या डिझेलवर चालकाचं घर चालतंय तोवर फलक कोण वाचणार?

घाटमाथा

रानवारा, या धाग्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रतिसाद तुमचा. अपघातानंतर चालकावर गुन्हा दाखल होतो आणि तिथे विषय संपतो. त्याला डिझेल मोजून कुणी दिलं, हा प्रश्न तपासात यायलाच हवा.

शुभ्रा

मला वेगाबद्दल बोलायचंय. 45 ते 55 च्या वेगाला ॲव्हरेज सगळ्यात चांगलं मिळतं, हे इंधन बचतीचा प्रचार करणाऱ्या पीसीआरए या सरकारी संस्थेच्या पत्रकांत छापून आलेलं आहे, आणि शहराबाहेरच्या साध्या रस्त्याला ते ठीकच आहे. पण हे वाचून काहीजण द्रुतगती मार्गावर 50 ने जातात, तेही उजव्या लेनमध्ये. मागून 100 ने येणाऱ्याला पुढची गाडी जवळपास उभी असल्यासारखी अंगावर येते. रात्री तर तिचा वेग कळतच नाही.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 वरून 100 वर गेलात तर तो सुमारे 56 टक्क्यांनी वाढतो, म्हणून 80 ने जाण्यात खरोखर बचत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साधारण 94 किलोमीटरचा. सगळं अंतर 100 ऐवजी 80 ने काटलं तरी 15 मिनिटांच्या आतच उशीर होतो. तेव्हा 80 ने जा, डावीकडच्या किंवा मधल्या लेनने जा, उजवी लेन ओव्हरटेकपुरती ठेवा. पेट्रोल वाचवायला रस्त्यावरच्या बाकीच्यांना कोड्यात टाकायची गरज नाही.

ट्रकच्या मागे चिकटून जाण्याबद्दल: 80 च्या वेगाला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. हवेचा आडोसा नीट मिळावा इतकं जवळ गेलात तर ट्रकने ब्रेक मारल्यावर तुमचा पाय पेडलपर्यंत पोचायच्या आत तुम्ही त्याच्या खाली असता. ट्रकचा मागचा भाग कारच्या काचेच्या उंचीला असतो, बोनेटच्या नाही. त्यात सळया बाहेर आलेल्या असल्या तर एअरबॅगही काही करू शकत नाही. याबाबतीत मला कुठलाही 'पण' ऐकायचा नाही.

कोकणवाट

पावसाचं कुणी काढलं नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे जूनपासून एसी बंद ठेवायची पद्धत आहे, 'गारवा आहेच, उगाच पेट्रोल कशाला'. आंबोली चढताना आतून काच धुरकटते. मग एका हातात फडकं, एका हातात स्टेअरिंग, आणि समोरून एसटी. एसी हवेतला दमटपणा काढतो, त्यामुळे काच मिनिटाभरात स्वच्छ होते. थंड नको असेल तर तापमान वाढवा, पण एसी चालू ठेवा आणि हवेचा झोत काचेवर सोडा. यात जे थोडं पेट्रोल जातं ते जाऊ द्या. धुकं असेल तेव्हा खाली लागणारे दिवेही लावा. दिव्यांनी बॅटरी आणि पेट्रोल जातं म्हणणारे एक काका आमच्या घरातच आहेत, त्यांना हा धागा पाठवलाय.

नागपुरी_संत्रं

टायरचं बोलू द्या. आमच्याकडे हवा भरणारा विचारतो, 'किती टाकू?' आणि लोक म्हणतात, 'टाका ना भाऊ दोन-चार जास्त, ॲव्हरेज चांगलं देते.' कडक टायर कमी घासतो हे खरं आहे. पण रस्त्याला टेकणारा त्याचा भाग कमी होतो, ओल्या रस्त्यावर पकड जाते आणि मधला भाग आधी झिजतो. कमी हवा त्याहून वाईट. टायर बाजूने दबत राहतो, तापतो, आणि समृद्धीसारख्या 701 किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर 120 ने मे महिन्यात चालवला की फुटतो. चालकाचं दार उघडा, खांबावर स्टिकर असतं, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचा आकडा दिलेला असतो. तेवढी, आणि टायर थंड असताना. बस.

जाता जाता: ॲव्हरेज पडलं की सगळे चालवणाऱ्याला बोलतात. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जाच 6-7 टक्के कमी असते. ते भरून काढायला उतारावर जीव धोक्यात घालू नका.

टेम्सकाठ

इंग्लंडहून. इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नियमांच्या पुस्तकात, 122 क्रमांकाचा नियम याच विषयावर आहे. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून गाडी चालवली की इंजिनचा ब्रेक जातो, उतारावर वेग झपाट्याने वाढतो, पायाच्या ब्रेकवर भार येऊन त्याचा जोर कमी होऊ शकतो, वळणांवर स्टेअरिंगचा प्रतिसाद बिघडतो आणि हवा तेव्हा योग्य गिअर टाकणं अवघड जातं, असं त्यात म्हटलंय. कुंभार्लीच्या काकांनी वस्तादाकडून शिकलेलं आणि हे एकच आहे. आपल्याकडे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठ काढायला शिकवतात, घाट उतरायला कुठे शिकवतात?

तिसरा_गिअर

घाटमाथा, काका, पटलं. सिग्नलला गाडी बंद करण्याबद्दल काय मत आहे? ते तरी सुरक्षित आहे ना?

गॅरेजवाला

हो, खुशाल करा. कार तासाला 600 मिली धरली तर मिनिटाला 10 मिली, म्हणजे एक रुपया. रोज मोठे सिग्नल लागत असतील तर महिन्याला चांगली बचत आहे आणि चौकातला धूरही कमी होतो. फक्त सिग्नलवरचा उलटा मोजणारा आकडा 10 वर आला की सुरू करा, हिरवा लागल्यावर नाही. बॅटरी मरायला आलेली असेल तर आधी ती बदला, चौकात अडकलेल्या गाडीवर मागचा येऊन आदळतो. चढावरच्या सिग्नलला बंद करायची असेल तर हँडब्रेक लावून करा. हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका, त्यात पेट्रोल आणि क्लच प्लेट दोन्ही जातात.

शुभ्रा

माझ्याकडे एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी कार आहे, आईकडे बिनगिअरची स्कूटर. वरंधा घाट उतरायचा आहे, पावसाळा संपल्यावर. दोन्हींना काय करायचं?

गॅरेजवाला

एएमटीला 'डी'मध्ये ठेवलं तर पाय काढल्यावर गाडी स्वतःहून वरचा गिअर टाकू शकते. दांडा मॅन्युअलला घ्या, वळणांच्या आधी '−' करून दुसऱ्यात आणा आणि तिथेच धरा. इंजिनचा आवाज वाढेल, घाबरू नका, त्या वेळी ते पेट्रोल घेत नाहीये. ब्रेक मध्येमध्ये ठामपणे दाबा आणि सोडा, सतत पाय ठेवून राहू नका. विजेची गाडी असती तर उतरताना बॅटरी थोडी भरली असती, त्यामुळे तिथेही न्यूट्रल नकोच.

स्कूटरचं जरा जपून. तिला खालचा गिअर नसतो, आणि वेग फार कमी झाला की आतला क्लच सुटतो, मग इंजिनचा ब्रेक जवळपास उरत नाही. म्हणून इंजिन अजिबात बंद करू नका, आधीपासून हळू उतरा, दोन्ही ब्रेक मिळून वापरा. डबलसीट आणि पुढे सामान असेल तर वाटेत दोन ठिकाणी चहाला थांबा. थांबल्यावर चाकाजवळ वास येतो का बघा. आला तर अर्धा तास बसा. आईंना एवढं सांगा, की लिव्हर नेहमीपेक्षा जास्त आत जायला लागला की त्याच क्षणी कडेला घ्यायचं, पुढच्या वळणापर्यंत वाट बघायची नाही.

कुंभार्ली_उतार

आणि समोरून चढणारी गाडी आली की तिला आधी वाट द्या ताई. नियम तसाच आहे. चढावर थांबलेल्याला पुन्हा ओढायला डिझेल लागतं, उतरणाऱ्याचं थांबून काही जात नाही. वरंध्याला वाघजाईपाशी जागा आहे, तिथे थांबून ब्रेक थंड करा, मग पुढे निघा.